आधी श्वास मोजा, व्हेंटिलेटर नंतर शिका

वाचक लिहितात: "चार वर्षं सर्जिकल वॉर्डात काम केल्यावर पुढच्या महिन्यात माझी आयसीयूत बदली होतेय. सगळे म्हणतात, व्हेंटिलेटर शिकून घे, बाकीचं जमेल. मोडची नावं पाठ करतेय, पण डोक्यात काही राहत नाही. सिरिंज पंपावरच्या औषधांची तर भीतीच वाटते. आणि एक गोष्ट मनातून जात नाही. गेल्या महिन्यात नाइटला एका पेशंटचा श्वास वाढत होता, ऑपरेशनचा तिसरा दिवस. चार्टवर संध्याकाळपासून २० लिहिलेलं होतं, मीही २० च लिहिलं. नंतर ते काही ठीक दिसेनात म्हणून ड्यूटी डॉक्टरांना दोनदा फोन केला, 'पेशंट बरा वाटत नाही' म्हणून सांगितलं. 'सकाळी बघू' म्हणाले. पहाटे त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. माझं काय चुकलं? आणि हातात तीन आठवडे आहेत, तर नेमकं काय शिकू?"

व्हेंटिलेटरचे मोड तीन आठवडे बाजूला ठेवा. ते मशीनजवळ उभं राहून, समोर पेशंट असताना शिकले की डोक्यात बसतात; कागदावरून बसत नाहीत, यात तुमचा दोष नाही. तुम्हाला आधी काय शिकायचंय ते तुम्हीच तुमच्या पत्रात लिहिलंय. पेशंट घसरतोय हे आकड्यात पकडायचं आणि तो आकडा अशा शब्दांत सांगायचा की ऐकणारा उठून येईल. अत्यवस्थ पेशंटच्या सेवेत बाकी सगळं कौशल्य या दोन गोष्टींवर उभं राहतं.

चूक कुठे झाली तेही सरळ सांगते. न मोजता २० लिहिलं, ती तुमची चूक. फोन केलात, तोही दोनदा, हे अगदी बरोबर. फोनवरचं वाक्य कमी पडलं, आणि ते सुधारता येतं. पेशंटला येऊन न पाहणं हा निर्णय तुमचा नव्हता, त्याचं ओझं तुम्ही वाहू नका.

आता श्वासाकडे वळू. शरीरात काही बिघडलं की बहुतेक वेळा सगळ्यात आधी श्वासाचा वेग बदलतो. रक्तात आम्ल साचू लागलं की ते बाहेर टाकायला श्वास वाढतो, फुप्फुसात पाणी किंवा कफ भरला की वाढतो, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की वाढतो, जंतुसंसर्ग रक्तात पसरला की वाढतो. बीपी मात्र बराच वेळ टिकून राहतं, कारण रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय जोरात धावतं. सॅच्युरेशनही (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) फसवतं: पेशंट धापा टाकत असतो म्हणूनच ते ९५ वर टिकलेलं असतं. त्यातून ऑक्सिजन लावलेला असेल तर ते आणखी उशिरा पडतं. बीपी आणि सॅच्युरेशन दोन्ही ठीक आहेत म्हणून निर्धास्त राहिलेला वॉर्ड दोन-चार तासांनी धावाधाव करताना दिसतो तो यामुळे.

मोजायचं पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते, आणि २० चा २४ किंवा २४ चा २० व्हायला तेवढं पुरतं. पेशंटला सांगू नका, सांगितलं की तो श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवा आणि नजर छातीवर न्या. अंगावर जाड पांघरूण असेल तर बाजूला करा. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा छातीवरच्या ईसीजी लीडमधून मिळणाऱ्या विद्युत बदलावरून येतो. पेशंट हलला, खोकला, लीड सैल झाली की तो भरकटतो. आयसीयूतही, शंका आली की हातानेच मोजा. त्या एका मिनिटात आणखी बरंच दिसतं: मानेचे स्नायू ताणले जातायत का, छाती दोन्ही बाजूंनी सारखी उठते का, पोट उलट दिशेला हलतंय का, एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येतंय का. ज्या चार्टवर सगळ्या पेशंटचा श्वास १८ किंवा २० आहे, तिथे कुणीच मोजलेलं नाही असं खुशाल समजा.

एका आकड्याने किती फरक पडतो ते बघा. न्यूज-२ हा पेशंट किती घसरलाय ते गुणांत मोजणारा, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या ब्रिटिश संस्थेचा गुणतक्ता आता अनेक देशांत वापरला जातो. मूळ तक्ता २०१२ चा, सुधारित २०१७ चा. समजा, पेशंट ऑक्सिजनशिवाय आहे. सॅच्युरेशन ९५ म्हणजे १ गुण, नाडी १०४ म्हणजे १, वरचं बीपी १०८ म्हणजे १, ताप ३८.२ सेल्सिअस म्हणजे १, शुद्ध पूर्ण म्हणजे शून्य. श्वास २० लिहिला तर त्याचाही शून्य, एकूण ४, आणि पुढची तपासणी चार ते सहा तासांनी. तोच श्वास खरोखर मोजून २६ निघाला तर त्याचे ३ गुण, एकूण ७, आणि ७ म्हणजे तातडीने वरिष्ठ टीम बोलवा, सतत देखरेखीखाली ठेवा. पेशंट तोच, रात्र तीच. त्या मधल्या तीन गुणांत त्याची सगळी रात्र असते.

हा तक्ता पाठ करा, पण त्याच्या मर्यादाही माहीत असू द्या. तो १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही. जुनाट श्वसनविकारामुळे ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांचं सॅच्युरेशनचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं, त्यांच्यासाठी तक्त्यात वेगळी पट्टी आहे, पण ती लावायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. लघवी तक्त्यात धरलेलीच नाही, म्हणून ती वेगळी पाहा: ताशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिलि, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलि. सलग दोन तास त्याखाली गेली तर सांगायचं. मात्र त्याआधी कॅथेटर पिळवटलेलं किंवा अडकलेलं नाही ना, ते बघायचं. गुडघ्यावर जाळीदार निळसर डाग, नखावर दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत न येणं, कालपर्यंत गप्पा मारणारा माणूस आज उत्तर द्यायला वेळ घेणं, यातलं काही दिसलं तर गुण कमी असले तरी कळवा. नव्याने आलेला गोंधळलेपणा तक्त्यात एकटाच ३ गुणांचा आहे, "म्हातारपणामुळे बडबडतायत" म्हणून तो सोडून देऊ नका.

आता तुमचा फोन. "पेशंट बरा वाटत नाही" हे वाक्य खरं असतं, पण रात्री तीनला झोपेतून उठलेल्या माणसाला त्यातून काहीच ठरवता येत नाही. एसबीएआर नावाची पद्धत तुम्ही ऐकली असेल: आत्ता काय झालंय, पार्श्वभूमी काय, तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला काय हवंय. ती अणुपाणबुड्यांवरच्या संवादातून रुग्णालयांत आली. तुमचा फोन असा व्हायला हवा होता:

"सर, सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. सात नंबर बेडच्या पेशंटचा श्वास मिनिटाला २६ आहे, न्यूज ७ आहे. वय ५८, आतड्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. रात्री दहाला नाडी ८८ होती, आता १०४. बीपी १०८-६२, ताप ३८.२, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९५. गेल्या दोन तासांत लघवी ४० मिलि. पोट फुगलंय आणि दुखतंय. मला सेप्सिसची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोपर्यंत लाइन सुरू आहे का बघते, शुगर करते. ब्लड कल्चर आणि लॅक्टेटचं सामान काढून ठेवू का?"

हे बोलायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. बघा, यात सेप्सिसचं, म्हणजे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाचं, निदान ठामपणे सांगितलेलं नाही, शंका सांगितली आहे. नर्सने शंका सांगणं हे अधिकार ओलांडणं नव्हे. शेवटची मागणी मात्र स्पष्ट हवी. बहुतेक फोन तिथेच फसतात: माहिती सगळी दिली जाते आणि "तुम्ही या" हे दोन शब्द राहून जातात. फोन उचलण्याआधी चार्ट, औषधांचा कागद, ॲलर्जीची नोंद आणि शेवटचे रिपोर्ट समोर उघडून ठेवा. तोंडी ऑर्डर मिळाली तर लिहा आणि जशीच्या तशी वाचून दाखवा, डोससकट.

आणि तरीही "सकाळी बघू" आलं तर? आवाज न चढवता आकडा परत सांगा: "सर, श्वास २६ आहे, न्यूज ७ आहे. मला काळजी वाटतेय, हे सकाळपर्यंत थांबण्यासारखं नाही." तरी नाही म्हणाले तर विचारा, "कोणता आकडा किती झाला तर परत फोन करू?" हा प्रश्न विचारल्यावर बरेच जण उठून येतात, कारण उत्तर देताना त्यांनाच कळतं की तो आकडा आधीच ओलांडलाय. त्यानंतर वर जायचं: इनचार्ज सिस्टर, वरिष्ठ डॉक्टर, रॅपिड रिस्पॉन्स टीम असेल तर ती. यात कुणाची तक्रार नसते, बहुतेक ठिकाणच्या नियमांत ही साखळी लिहिलेलीच असते. तुमच्या विभागात ती कुठे लावलीय ते पहिल्याच दिवशी शोधा. नोंदीत वेळ, कोणाशी बोललात, काय आकडे सांगितले, काय उत्तर मिळालं, एवढंच लिहा; "दुर्लक्ष केलं" असे शब्द नकोत.

डॉक्टर येईपर्यंत हात रिकामे ठेवू नका. क्रम ठरलेला आहे: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग अंग उघडून तपासणी. जिथे अडचण सापडेल तिथे ती सोडवूनच पुढे जायचं. घोरल्यासारखा आवाज म्हणजे मार्ग अर्धवट बंद, हनुवटी उचला, जबडा पुढे घ्या, मग सॅच्युरेशनचा विचार. शुद्ध कमी दिसली की शुगर झालीच पाहिजे. ७० च्या खालची शुगर सुटली आणि पेशंट स्कॅनला गेला, असं होता कामा नये. ऑक्सिजनमध्ये नेहमी दोन चुका होतात: साधा मास्क ५ लिटरच्या खाली चालवणं, ज्यात पेशंट स्वतःचीच सोडलेली हवा परत ओढतो; आणि रिझर्व्हॉयर मास्क पिशवी न फुगवता तोंडावर लावणं. तो १० ते १५ लिटरवर ठेवायचा, आधी पिशवी भरून घ्यायची, आणि श्वास घेताना ती पूर्ण चपटी होऊ द्यायची नाही.

सिरिंज पंपाची, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरावीक वेगाने शिरेत ढकलणाऱ्या यंत्राची, भीती ही चांगली भीती आहे, ती पूर्ण जाऊ देऊ नका. गणित एकदा हाताने करून बघा. ५० मिलिच्या सिरिंजमध्ये ४ मिग्रॅ नॉरॲड्रेनालिन (बीपी वाढवणारं औषध) म्हणजे मिलिला ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलो, डोस मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. ०.१ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६०, भागिले ८०, म्हणजे ताशी ४.५ मिलि. तुमच्या विभागातलं मिश्रण वेगळं असेल; त्याच मिश्रणाचं गणित पाठ होईपर्यंत करा. ॲम्प्यूलवरचा आकडा क्षाराचा आहे की मूळ औषधाचा, तेही वाचा: २ मिग्रॅ टार्ट्रेट म्हणजे सुमारे १ मिग्रॅ मूळ नॉरॲड्रेनालिन. इथे गफलत झाली तर डोस थेट अर्धा किंवा दुप्पट होतो. दशांश चिन्ह सरकलं की दसपट. म्हणून दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना "४.५ बरोबर आहे ना?" असं विचारू नका, तिची मान आपोआप हलेल. तिला वजन, डोस आणि मिश्रण द्या, उत्तर तिला काढू द्या, मग दोन्ही उत्तरं जुळवा.

नॉरॲड्रेनालिनचा परिणाम एक-दोन मिनिटांत ओसरतो. त्यामुळे सिरिंज संपून अलार्म वाजल्यावर नवी भरायला घेतलीत तर बीपी कोसळणारच. साधारण तासाभराचं औषध उरलेलं असताना नवी सिरिंज भरा, लेबल लावा, दुसऱ्या पंपावर चढवा, ट्यूबमधली हवा काढा आणि पंप चालू करून टोकाला थेंब दिसेपर्यंत थांबा. नव्या सिरिंजचा दट्ट्या आणि पंपाचा दांडा यांत थोडी फट असते, ती भरेपर्यंत औषध पुढे सरकत नाही. बदलताना बीपी पडण्याचं हे नेहमीचं कारण. जुना पंप चालू असतानाच बदली करायची ठरलेली पद्धत तुमच्या विभागात असेल, तीच पाळा आणि पहिल्या काही वेळा कुणाला तरी शेजारी उभं करा. या लाइनमधून दुसरं कोणतंही इंजेक्शन द्यायचं नाही, सलाइनने फ्लशही करायची नाही. ट्यूबमधलं औषध एकदम आत गेलं की बीपी दोनशेच्या वर जाऊ शकतं.

ते हाताच्या शिरेतून चालू असेल तर ती जागा तासातासाला बघा. फिकट, गार, फुगलेली दिसली की तिथलं इन्फ्युजन थांबवा, सुई जागेवर राहू द्या, तिच्यातून जेवढं ओढता येईल तेवढं हळूच ओढा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. औषध दुसऱ्या शिरेतून तितक्याच तातडीने सुरू व्हायला हवं, कारण बीपी त्याच्यावरच उभं आहे. पोटॅशियम क्लोराइडबद्दल एकच: ॲम्प्यूलमधून थेट शिरेत कधीही नाही, कुणीही सांगितलं तरी नाही.

डोस बीपी पाहून ठरतो, म्हणून बीपी खरं हवं. दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा (कफ) लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. आर्टेरियल लाइन (धमनीतून सतत बीपी मोजणारी नळी) असेल तर तिचा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला, चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या रेषेत, बगलेच्या मध्यावर हवा. तो १० सेंटिमीटर खाली घसरला तर बीपी सुमारे ७ ते ८ ने जास्त दिसतं. सरासरी दाब ६५ ठेवायला सांगितलेला असताना खरा ५८ असू शकतो आणि मॉनिटर समाधानाने ६५ दाखवत राहतो. बेडचं डोकं वर-खाली केलंत की दर वेळी पातळी बघा आणि परत झिरो करायची गरज आहे का, तेही.

व्हेंटिलेटरचं आत्ता एवढंच लक्षात ठेवा: अलार्म वाजला की आधी पेशंटकडे बघा, मग स्क्रीनकडे. छाती हलतेय का, रंग कसा आहे, सॅच्युरेशन काय आहे. दाब वाढल्याचा अलार्म म्हणजे वाट अडलीय: कफ, खोकला, चावलेली किंवा दुमडलेली ट्यूब (तोंडातून श्वासनलिकेत घातलेली), नळीत साचलेलं पाणी, आकुंचन पावलेल्या श्वासनलिका, किंवा छातीत हवा भरून दबलेलं फुप्फुस. दाब कमी म्हणजे कुठेतरी गळती: जोड सुटलाय, ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्यातली (त्यालाही कफच म्हणतात) हवा गेलीय, ट्यूब बाहेर आलीय. सॅच्युरेशन पडतंय आणि कारण मिनिटभरात सापडत नाही, तर मदतीला हाक मारा, पेशंटला मशीनवरून काढा आणि पूर्ण ऑक्सिजन जोडलेल्या अँब्यु बॅगने श्वास द्या. बॅग दाबताना सहज जाते आणि पेशंट सुधारतो, तर दोष बहुधा मशीनचा. बॅग कडक लागते, तर दोष ट्यूबमध्ये किंवा छातीत. म्हणूनच अँब्यु बॅग आणि मास्क प्रत्येक बेडशी हवेत, शेजारच्या बेडशी असून उपयोग नाही.

सक्शन तुम्हाला येतं, पण ट्यूबमधून करताना शिस्त वेगळी. आधी ३० ते ६० सेकंद पूर्ण ऑक्सिजन. कॅथेटरची जाडी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. ८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप). ओढण्याचा दाब ८० ते १२० मिमी पारा, आत घालताना बंद, बाहेर काढताना चालू. आत जाऊन बाहेर येईपर्यंत १५ सेकंदांच्या आत. नाडी एकदम मंदावली तर थांबा, ऑक्सिजन द्या. घड्याळ बघून दर दोन तासांनी करायचं नाही, गरज दिसली की करायचं. ट्यूबच्या कफचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका. खाली गेला तर तोंडातली लाळ फुप्फुसात उतरते, वर गेला तर श्वासनलिकेच्या आतल्या थराचा रक्तपुरवठा दबतो. बोटाने दाबून अंदाज घेऊ नका, मोजायचं यंत्र मागा.

ओव्हर (आधीच्या ड्यूटीकडून पेशंटचा ताबा) घेताना बेडपाशी उभं राहूनच घ्या आणि त्यातच प्रत्येक नळी पेशंटच्या अंगापासून पंपापर्यंत हाताने चाचपत जा. ट्यूब ओठापाशी किती सेंटिमीटरवर आहे, सक्शन ओढतंय का, अलार्मच्या मर्यादा या पेशंटसाठी लावल्यात की आधीच्या पेशंटच्याच राहिल्यात, हे सगळं दहा मिनिटांत होतं. सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर द्यायचे दाब) तुम्हाला येतोच, फक्त आकडे ताजे करा: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. थकलेल्या माणसाला आपले दाब उथळ झालेत हे स्वतःला कळत नाही, म्हणून तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी बदलायचा.

आता तुमचे तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात सध्याच्याच वॉर्डात, प्रत्येक ड्यूटीला प्रत्येक पेशंटचा श्वास पूर्ण मिनिट मोजा आणि न्यूजचे गुण तक्ता न बघता काढा, मग पडताळा. दुसऱ्या आठवड्यात रोज एका पेशंटवर फोनची चार वाक्यं लिहून सहकाऱ्याला मोठ्याने म्हणून दाखवा. पेशंट ठीक असला तरी चालेल, जीभ वळायला हवी. तिसऱ्या आठवड्यात आयसीयूच्या इनचार्ज सिस्टरना भेटून तिथल्या पाच-सहा नेहमीच्या इन्फ्युजनची प्रमाणित मिश्रणं मागून घ्या आणि ५०, ६० आणि ७५ किलोच्या पेशंटसाठी ताशी किती मिलि ते हाताने काढा. त्याच भेटीत विचारून ठेवा की तुमची पहिली सिरिंज बदली कुणाच्या देखरेखीखाली होईल. एखादं नाव ठरवूनच परत या.